सिम्फनीच्या संथ भागातली हार्मनी कशी ऐकावी: ड्वोर्झाकचं ‘लार्गो’ पेटीवर उलगडताना

रोमँटिक काळातल्या (ढोबळपणे एकोणिसावं शतक) सिम्फनीचा, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीच्या अनेक भागांच्या मोठ्या रचनेचा, संथ भाग ऐकताना गळा दाटून येतो. का, असं विचारलं तर आपल्याकडचे बहुतेक श्रोते म्हणतात, “चालच तशी आहे.” तानपुऱ्यावर तयार झालेला कान सा पक्का धरून चाल ऐकतो, त्यामुळे हे उत्तर स्वाभाविक आहे. पण या संगीतात चालीखालचे स्वरही हलत असतात (हीच हार्मनी) आणि भावनेचा फार मोठा वाटा त्या हलण्यात असतो. दुसरीकडे, कीबोर्डच्या क्लासला जाऊन आलेली मंडळी कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांची, नावं भराभर सांगतात, पण नावं कळली तरी गळा का दाटला हे कळत नाही.

दोन्हीकडे चूक क्रमाची आहे. आधी सा ठरवायचा, मग खर्जाचा, म्हणजे सगळ्यात खाली वाजणारा स्वर, मग कॉर्ड बदलताना कोणता स्वर जागेवर राहिला आणि कोणता अर्ध्या स्वराने सरकला ते पाहायचं. त्यानंतर चाल. भावनेला नाव द्यायचं ते सगळ्यात शेवटी.

## तयारी

कोणती रचना घ्यायची. मुख्य अभ्यासासाठी ड्वोर्झाकच्या नवव्या सिम्फनीचा (१८९३) दुसरा भाग, म्हणजे ‘लार्गो’. तो साधारण ११ ते १३ मिनिटांचा आहे. सुरुवातीलाच सात कॉर्ड सुटे सुटे आणि संथ येतात, त्यामुळे नवख्या कानालाही ते पकडता येतात. शिवाय त्याची पट्टी डी-फ्लॅट, म्हणजे आपली काळी १. कित्येक गायकांची ही रोजची पट्टी. पुढच्या एका टप्प्यासाठी माहलरच्या पाचव्या सिम्फनीतला ‘अडाजिएटो’ लागेल. त्यात फक्त तंतुवाद्यं आणि हार्प आहे.

ऐकण्याचं साधन. फोनचा स्पीकर चालणार नाही. काळी १ चा खालच्या सप्तकातला स्वर सुमारे ६९ हर्ट्झचा असतो, आणि फोनमधून तो जवळजवळ बाहेरच पडत नाही. जे ऐकू येतं ती त्याची वरची छटा. खर्ज ऐकू आला नाही तर या लेखातले निम्मे टप्पे फुकट जातील. वायरचे बरे हेडफोन पुरेत.

वाजवण्याचं साधन. साधी हार्मोनियम चालते. स्थिर सूर देणारे स्टॉप बंद ठेवा आणि कपलर असेल तर तोही बंद करा. तो वरचा किंवा खालचा स्वर आपोआप जोडतो आणि कॉर्डचं रूप बिघडवतो. एक हात भात्यावर जाणार, म्हणून खालची सगळी मांडणी एका हाताने वाजेल अशीच दिली आहे. पायपेटी किंवा कीबोर्ड असेल तर उत्तमच.

स्वरांची नावं. इथे पेटीवरची नावं वापरली आहेत: पांढरी १ म्हणजे सी, पांढरी ३ म्हणजे ई, काळी १ म्हणजे सी-शार्प किंवा डी-फ्लॅट, काळी ५ म्हणजे बी-फ्लॅट.

> तपासा: ध्वनिमुद्रणातला ‘लार्गो’चा अगदी शेवटचा कॉर्ड लावा आणि पेटीवर काळी १ दाबा. स्वर जुळला पाहिजे. किंचित वर-खाली वाटलं तर पेटीचं ट्यूनिंग वेगळं आहे, चालेल. पूर्ण अर्ध्या स्वराचा फरक असेल तर पेटी ‘स्केल चेंजर’ आहे का आणि ती सरकलेली आहे का, ते बघा. इंटरनेटवरच्या काही ध्वनिफितींचा वेगही बदललेला असतो. दुसरी फीत घेऊन पाहा.

## टप्पा १: सा शोधा, पण सुरुवातीला शोधू नका

सवयीने आपण पहिल्या स्वराला सा मानतो. ‘लार्गो’त तसं केलंत तर पुढचं सगळं चुकेल. पहिला कॉर्ड ई मेजर आहे, म्हणजे पांढरी ३ ची पट्टी. (मेजर कॉर्ड म्हणजे सा, शुद्ध ग, प; मायनरमध्ये ग कोमल.) घर मात्र काळी १ आहे. संगीतकाराने दाराबाहेरून सुरुवात केली आहे, आणि आत येण्याच्या त्या वाटेतच या भागाची अर्धी हळहळ आहे.

म्हणून आधी इंग्लिश हॉर्नची (ओबोच्या जातीचं, जरा खालच्या सुराचं फुंकवाद्य) चाल सुरू होते तिथपर्यंत जा. तिथे तंतुवाद्यांच्या पहिल्या कॉर्डचा खर्ज गुणगुणा. तो काळी १ ला जुळेल. तो सा डोक्यात पक्का करा आणि मग मागे सुरुवातीला या.

हीच युक्ती इतर संथ भागांनाही लागू पडते. चायकॉव्स्कीच्या पाचव्या सिम्फनीतला संथ भाग खालच्या तंतुवाद्यांवर बी मायनरमध्ये सुरू होतो आणि हॉर्नची प्रसिद्ध चाल येते ती डी मेजरमध्ये. तिथेही पहिल्या स्वराला सा धरणारा श्रोता फसतो.

## टप्पा २: फक्त खर्ज ऐका

पहिला अर्धा मिनिट तीन वेळा लावा. तिन्ही वेळा वरच्या स्वरांकडे दुर्लक्ष करून सगळ्यात खालचा आवाज ऐका आणि तो आपल्या सोयीच्या सप्तकात गुणगुणा. पेटीला अजून हात लावायचा नाही.

सुरुवातीला खालचे पितळी आवाज एकमेकांत मिसळल्यासारखे वाटतील. आवाज वाढवून उपयोग होत नाही, उलट वरचेच स्वर जास्त पुढे येतात. आवाज थोडा कमी करा आणि कॉर्ड बदलतो तो क्षण ऐका. खर्ज तिथे सर्वांत स्पष्ट असतो.

> सावध: खर्जाचा स्वर म्हणजे नेहमीच कॉर्डचा मूळ स्वर (ज्यावरून कॉर्डला नाव मिळतं तो) नव्हे. पांढरी १, ३, ५ हा सी मेजर कॉर्ड. पांढरी ५ तळाशी ठेवून तोच कॉर्ड वाजवला तर नाव तेच राहतं, पण तो उभा राहतो वेगळ्या पायावर. टप्पा ७ मध्ये हे फार कामाला येईल.

## टप्पा ३: सात कॉर्ड हातात घ्या

हा या लेखाचा गाभा आहे. घाई करू नका. एका बैठकीत हा एकच टप्पा झाला तरी चालेल.

मेट्रोनोम (ठरावीक गतीने ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) ४० वर, म्हणजे मिनिटाला ४० ठोक्यांवर, लावा आणि प्रत्येक कॉर्ड ४ मात्रा, म्हणजे ६ सेकंद धरा. भाता एकसारखा चालू दे. दाब कमी-जास्त झाला की कान त्या चढउतारालाच भाव समजतो.

१. ई मेजर: पांढरी ३, काळी ४, पांढरी ७
२. बी-फ्लॅट मेजर: पांढरी २, पांढरी ४, काळी ५
३. ई मेजर: पुन्हा पहिल्यासारखा
४. डी-फ्लॅट मेजर: पांढरी ४, काळी ४, वरची काळी १
५. ए मेजर: पांढरी ३, पांढरी ६, वरची काळी १
६. जी-फ्लॅट मायनर: काळी ३, पांढरी ६, वरची काळी १
७. डी-फ्लॅट मेजर: पांढरी ४, काळी ४, वरची काळी १

ही मांडणी एका हातात बसावी म्हणून केली आहे. ऑर्केस्ट्रात हेच स्वर वेगवेगळ्या सप्तकांत पसरलेले आहेत. स्वरलिपीच्या छापील प्रतीत पाचव्या कॉर्डचा मूळ स्वर ‘बी डबल-फ्लॅट’ असा लिहिलेला दिसेल. पेटीवर तो पांढरी ६ च.

३ अ. पहिला ते तिसरा. ई पासून बी-फ्लॅट बरोबर ६ अर्धे स्वर दूर आहे, सप्तकाच्या नेमक्या मध्यावर. या दोन कॉर्डमध्ये एकही स्वर सामाईक नाही. तिन्ही बोटं उचलावी लागतात. म्हणूनच इथे कानाला धरायला काहीच मिळत नाही आणि आपण कुठेतरी लांब आहोत असं वाटतं. मग तिसरा कॉर्ड पुन्हा पहिल्याच जागी येतो. वाट अजून सापडलेली नाही.

३ ब. तिसरा ते चौथा. आता बोटांकडे नीट बघा. काळी ४ दोन्ही कॉर्डमध्ये आहे. ई मेजरमध्ये ती मधला स्वर होती, डी-फ्लॅट मेजरमध्ये ती पंचम झाली. बोट हललंच नाही, पण त्याखालचा अर्थ बदलला. बाकीची दोन बोटं वर सरकतात: पांढरी ३ वरून पांढरी ४ आणि पांढरी ७ वरून वरची काळी १. घराचं दार इथे पहिल्यांदा दिसतं.

३ क. चौथा ते सातवा. करंगळी वरच्या काळी १ वर ठेवा आणि सातवा कॉर्ड संपेपर्यंत उचलू नका. चारही कॉर्डमध्ये तो स्वर आहे. तोच आपला सा. त्याच्याखाली बाकीचे दोन स्वर कसे सरकतात ते सावकाश ऐका:

- खालचं बोट: पांढरी ४, पांढरी ३, काळी ३, पांढरी ४
- मधलं बोट: काळी ४, पांढरी ६, पांढरी ६, काळी ४

सरगमात बोलायचं तर सहावा कॉर्ड म्हणजे म, कोमल ध, सा. सातवा म्हणजे ग, प, सा. कोमल ध पंचमावर उतरतो आणि म गंधारावर. दोन्ही उतार एकाच वेळी आणि दोन्ही अर्ध्या स्वराचे, आणि वर सा निश्चल. कोमल धैवत पंचमाकडे झुकतो तेव्हा काय होतं हे आपल्या कानाला कुणी शिकवायला नको. फरक इतकाच की इथे ते दोन आवाजांत एकदम घडतं, आणि म्हणून त्याचा भार दुप्पट वाटतो.

३ ड. उलटतपासणी. एखाद्या स्वराचं काम कळायचं तर तो बदलून बघावा लागतो. सहाव्या कॉर्डमध्ये पांढरी ६ च्या जागी काळी ५ दाबा, म्हणजे कोमल ध ऐवजी शुद्ध ध. कॉर्ड जी-फ्लॅट मेजर होईल. आता सातव्यावर या. घर येतं, छान येतं, पण आतली कळ गेलेली असते. मूळ आणि बदललेला असे दोन्ही प्रकार आलटून पालटून पाच-सहा वेळा वाजवा, म्हणजे तो फरक पोटात उतरतो.

> तपासा: पेटी बंद करा. काळी १ चा सा मनात धरून “कोमल ध, प” आणि मग “म, ग” हे दोन उतार वेगवेगळे गाऊन बघा. आता ध्वनिमुद्रण लावा आणि सहाव्या-सातव्या कॉर्डमध्ये ते दोन्ही ऐकू येतात का पाहा. एकच ऐकू आला तर ३ क पुन्हा करा.

नेहमीची चूक. “मेजर म्हणजे आनंद, मायनर म्हणजे दुःख” हे सूत्र इथे सपशेल पडतं. सातपैकी सहा कॉर्ड मेजर आहेत, तरी कुणालाही हा भाग आनंदी वाटत नाही. कॉर्डचं सुटं रूप फार काही सांगत नाही. तो कुठून आला आणि कुठे गेला यावर सगळं ठरतं. या एका सूत्रामुळे जितक्या श्रोत्यांची वाट चुकते तितकी दुसऱ्या कशानेही चुकत नसेल.

## टप्पा ४: आता चाल जोडा

इंग्लिश हॉर्नच्या चालीची सुरुवात सरगमात अशी: ग प प, ग रे सा, रे ग प ग रे. सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर म्हणजे भूपाचे स्वर. त्यामुळे मराठी कान ही चाल लगेच आपलीशी करतो आणि तिथेच थांबतो. ही भूपाची बंदिश नाही. स्वर तेच असले तरी खालचे कॉर्ड प्रत्येक स्वराला वेगळी जागा देतात.

हे पटवण्यासाठी एक प्रयोग. चाल तोंडाने गा आणि शेवटच्या लांब ‘रे’खाली पेटीवर पाळीपाळीने हे तीन कॉर्ड द्या:

- काळी १, पांढरी ४, काळी ४. रे इथे पाहुणा आहे. तो सा किंवा ग कडे जायला बघतो.
- काळी ४, पांढरी १, काळी २. रे आता याच कॉर्डचा पंचम. चाल थांबलेली वाटते, पण वाक्य पुरं झालेलं नसतं.
- काळी २, काळी ३, काळी ५. रे हाच मूळ स्वर, आणि कॉर्ड मायनर. तोच ‘रे’ अचानक एकटा पडतो.

गळ्यातला स्वर तिन्ही वेळा एकच होता. मूळ संहितेत नेमकं काय आहे ते या प्रयोगावरून ठरवू नका. ध्वनिमुद्रण लावा, टप्पा २ प्रमाणे खर्ज ऐका आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो कुठे उभा आहे ते टिपा.

> सावध: या टप्प्यावर तानपुऱ्याचं ॲप चालू ठेवू नका. सतत सा-प वाजत राहिला तर कॉर्डने दिलेला अर्थ पुसला जातो. सुरुवातीच्या ई मेजर आणि बी-फ्लॅट मेजर कॉर्डवर तर तो सरळसरळ भांडतो.

आणखी एक गोष्ट कान देऊन ऐका. कॉर्डच्या त्या वाटेवर कोमल ग, कोमल ध, कोमल नी असे स्वर येऊन गेले. चालीत त्यातला एकही नाही. इतकी साधी चाल इतकी भरलेली वाटते, कारण ते कोमल स्वर ती सुरू होण्याआधीच कानात रुजलेले असतात. सात कॉर्ड वगळून थेट चालीपासून ध्वनिफीत लावून बघा. चाल गोड वाटेल, पण इतकी आतवर जाणार नाही.

## टप्पा ५: मधला भाग, सा तोच

पुढे गती थोडी बदलते आणि बासरी व ओबो एक नवी चाल घेतात. छापील प्रतीत पट्टी सी-शार्प मायनर लिहिलेली असते. नाव बदललेलं बघून पुष्कळ जण पट्टी बदलली असं समजतात. सा बदललेला नाही, तीच काळी १. शुद्ध गंधाराचा कोमल झाला आहे.

पेटीवर: काळी १, पांढरी ४, काळी ४ धरा आणि फक्त मधलं बोट पांढरी ४ वरून पांढरी ३ वर आणा. झालं. ही पांढरी ३ ओळखीची आहे. ‘लार्गो’च्या पहिल्याच कॉर्डचा मूळ स्वर हाच होता. सुरुवातीला परका वाटलेला स्वर आता घरातला कोमल गंधार होऊन बसतो.

## टप्पा ६: उशिरा सुटणारा स्वर

हार्मनीतल्या वेदनेचं दुसरं मोठं साधन वेळेचं आहे. कॉर्ड बदलतो, पण एक स्वर जुन्या जागीच अडून राहतो आणि उशिराने नव्या जागी जातो. याला सस्पेन्शन म्हणतात. त्याचे तीन क्षण असतात आणि तिन्ही वेगळे ऐकू आले पाहिजेत: स्वर निवांत असतो, खालचं बदलल्यामुळे तोच टोचायला लागतो, शेवटी तो एक पायरी सरकून सुटतो.

‘लार्गो’पेक्षा हे माहलरच्या ‘अडाजिएटो’त जास्त उघड दिसतं. पट्टी एफ मेजर, म्हणजे पांढरी ४. सुरुवातीला मात्र फक्त पांढरी ६ आणि पांढरी १ ऐकू येतात, पांढरी ४ कुठेच नाही. हा ए मायनर की एफ मेजर, हे कळायला मार्ग नसतो. त्यावर व्हायोलिनची चाल चढते: प, ध, नी. खर्जात सा येतो, कॉर्ड स्पष्ट होतो आणि नेमक्या त्याच क्षणी चाल निषादावर अडलेली असते. मग ती हळूच षड्जावर जाते.

पेटीवर आधी हे उशीर न करता करा: मधली पांढरी १, २, ३ एकेक करून वाजवा आणि वरची पांढरी ४ दाबताना त्याच क्षणी खालची पांढरी ४, ६ आणि मधली १ दाबा. नीटनेटकं, सरळ घर. आता पांढरी ३ धरून ठेवा, तिच्याखाली तो कॉर्ड दाबा, २ मात्रा थांबा आणि मगच पांढरी ३ सोडून वरच्या पांढरी ४ वर जा. मेट्रोनोम ४० वर असेल तर तो टोचणारा क्षण ३ सेकंदांचा होतो. पुढच्या खेपेस ४ मात्रा थांबा. स्वर एकही बदलला नाही, फक्त सुटका लांबली.

काय बिघडतं: पांढरी ३ सोडून पुन्हा दाबली तर सस्पेन्शन मोडतं. तो स्वर आधीपासून अखंड वाजत असायला हवा, म्हणजेच टोचणं बाहेरून आलेलं नसतं, आपल्याच स्वराचं झालेलं असतं. भाता पलटतानाही आवाज तुटतो, म्हणून कॉर्ड दाबण्याआधीच भाता भरून घ्या.

> तपासा: ‘अडाजिएटो’चे दोन कलाकारांचे आविष्कार ऐका. काही जण तो आठ मिनिटांच्या आत संपवतात, काहींना अकरा-बारा लागतात. सुरुवातीचा तो निषाद दोन्हीत किती सेकंद टिकतो ते घड्याळ लावून मोजा. संथ आविष्कार नेहमी जास्त हृद्य असतो असं नाही. सुटकेची ओढ तुटेपर्यंत ताणली तर कान वाट बघणंच सोडून देतो.

## टप्पा ७: शिखर कुठे आहे

बहुतेक श्रोते सगळ्यात मोठा आवाज म्हणजे शिखर असं धरतात. हार्मनीच्या दृष्टीने शिखर म्हणजे जिथे सर्वांत जास्त काळ न सुटलेलं काही सुटायला येतं ती जागा. दोन्ही बऱ्याचदा एकत्र येतात, पण नेहमी नाही.

ब्रुकनरच्या सातव्या सिम्फनीचा अडाजिओ याचा उत्तम धडा आहे. पट्टी सी-शार्प मायनर, आणि महाशिखर येतं ते सी मेजरमध्ये, घरापासून अर्धा स्वर खाली. तिथे खर्जात पांढरी १ नसून पांढरी ५ असते. वाजवून बघा: आधी पांढरी १, ३, ५ आणि मग खालची पांढरी ५, त्यावर १ आणि ३. दुसरा प्रकार भव्य आहे, पण टेकलेला नाही. तो कुणीतरी सावरून धरल्यासारखा उभा असतो. म्हणूनच त्या झगमगाटातही विजय झाल्यासारखं वाटत नाही. तो भाग शेवटी काळी १ च्या मेजरमध्ये शांत होतो.

> सावध: हे शिखर झांजेच्या आवाजावरून शोधू नका. नोवाक यांच्या संपादित आवृत्तीत तिथे झांज आहे, हास यांच्या आवृत्तीत नाही. तुमच्याकडची ध्वनिफीत कोणत्या आवृत्तीची आहे यावर ते अवलंबून राहील. खर्ज मात्र दोन्हीकडे तोच.

‘लार्गो’त मोठा आवाज येतो तो ट्रॉम्बोनवर पहिल्या भागाची चाल परतते तेव्हा. पण खरी कसोटी त्यानंतर आहे. मूळ चाल परत येते, थोड्याच तंतुवाद्यांवर जाते आणि मधेच तुटते. शांतता. पुन्हा थोडी पुढे जाते, पुन्हा शांतता. या जागा ऐकताना आवाज वाढवू नका आणि पुढेही ढकलू नका. कॉर्ड सुटण्याआधीच आवाज थांबतो, आणि उरलेला स्वर आपला कान मनातल्या मनात पुरा करतो.

त्यानंतर सुरुवातीचे कॉर्ड परततात. आता सा पक्का झालेला असल्याने तेच कॉर्ड वेगळे लागतात. पहिल्यांदा ते परक्या मुलखातले होते, आता आपण घरातून त्यांच्याकडे बघतो. अगदी शेवटी डी-फ्लॅट मेजर कॉर्ड उरतो तो फक्त डबल बास वाद्यांवर, चार भागांत विभागून. पेटीवर मंद्र सप्तकात काळी १, पांढरी ४, काळी ४ जवळजवळ वाजवा; आवाज गढूळ होतो. खालच्या सप्तकात स्वरांमध्ये जास्त अंतर ठेवावं असा साधा नियम आहे. ड्वोर्झाकने तो गढूळपणा जाणून वापरला आहे.

हे प्रत्यक्ष सभागृहात ऐकायची संधी मिळाली, उदाहरणार्थ मुंबईत एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या कार्यक्रमात, तर डबल बास कुठे बसले आहेत ते आधीच पाहून ठेवा. नजर तिकडे असली की कानही तिकडे जातो.

## टप्पा ८: छापील प्रत आणि वही

छापील प्रत आत्ता उघडा, आधी नको. डोळ्यांना काळे ठिपके दिसले की कान आळशी होतो. या रचनांच्या प्रती आयएमएसएलपी या संकेतस्थळावर मोफत मिळतात. वाचताना तीन ठिकाणी गाडी अडते:

- इंग्लिश हॉर्नचे स्वर लिहिलेले असतात त्यापेक्षा ७ अर्धे स्वर खाली वाजतात. प्रतीत दिसणारा स्वर थेट पेटीवर वाजवला तर चाल चुकीच्या पट्टीत जाईल.
- डबल बास लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतो.
- व्हायोला वेगळ्या क्लेफमध्ये (कोणत्या रेषेवर कोणता स्वर, हे सांगणारी खूण) असतो. सुरुवातीला तो सोडून द्या. पहिलं व्हायोलिन, चेलो आणि बास एवढं वाचलंत तरी सांगाडा मिळतो.

वहीत प्रत्येक जागेसाठी एकच ओळ लिहा आणि तिचा क्रम मोडू नका: वेळ, खर्ज, टिकलेला स्वर, सरकलेला स्वर, आणि सगळ्यात शेवटी मनात काय झालं. शेवटचा रकाना आधी भरला तर बाकीचे चार त्याला साजेसे भरले जातात. “करुण”, “उदात्त” असे मोठे शब्द तिथे टाळा. “आत काहीतरी खाली बसलं” किंवा “श्वास अडला” असं शरीराच्या भाषेत लिहिलेलं पुढे जास्त उपयोगी पडतं, कारण तो क्षण थेट सरकलेल्या स्वराशी ताडून बघता येतो.

दहा-बारा ओळी जमल्या की ब्राम्सच्या चौथ्या सिम्फनीचा दुसरा भाग घ्या. सुरुवातीला हॉर्न पांढरी ३ भोवती फिरतात, आणि आजूबाजूला फक्त पांढरे स्वर असतात. पांढरी ३ ला सा मानलं तर कोमल रे, कोमल ग, कोमल ध, कोमल नी, म्हणजे भैरवीचं कुटुंब. मग क्लॅरिनेट ई मेजरमध्ये येतात आणि पांढरी ५ ची काळी ४ होते, कोमल गंधाराचा शुद्ध. मदतीशिवाय ती जागा शोधा, ती किती सेकंदांवर आहे ते लिहा आणि मगच पेटी उघडून ताडून बघा.